स्वादुपिंडाचा न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर: रिपोर्ट हातात आल्यावर पुढे काय करायचं

स्वादुपिंडात गाठ आहे एवढं कळलं की घरातलं कुणीतरी लगेच मोबाइल उघडून शोधायला बसतं. तिथे दिसणारे आकडे बहुतेक सगळे अॅडिनोकार्सिनोमाचे असतात. स्वादुपिंडाच्या कर्करोगांपैकी सुमारे ९० टक्के याच प्रकारचे, आणि तो खरोखरच झपाट्याने वाढणारा आजार आहे. पण तुमच्या माणसाच्या बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर’ असं लिहिलं असेल, तर ते आकडे तुमचे नाहीत. आजार वेगळा, त्याची चाल वेगळी, औषधं वेगळी, आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्नही वेगळे.

हा लेख अशा घरांसाठी आहे. मावशीच्या आजारपणात मी तिच्याबरोबर ओपीडीच्या रांगांत बसले, फायली सांभाळल्या, आणि पुढे ओळखीपाळखीतून ज्यांना हा आजार निघाला त्यांचे फोन येत राहिले. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो: किती दिवस राहिलेत? त्याचं उत्तर गाठीचा प्रकार, ग्रेड (ती किती वेगाने वाढते त्याची पायरी) आणि पसारा कळल्याशिवाय कुणालाच देता येत नाही. म्हणून तो प्रश्न मी मुद्दाम खाली ठेवला आहे. उपचार कोणते हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. त्यांच्यासमोर बसल्यावर काय चाललंय ते कळावं आणि योग्य वेळी योग्य प्रश्न सुचावा, यासाठी हे लिहिते आहे.

पहिली पायरी: आजार नक्की कोणता

स्वादुपिंड दोन कामं करतं. त्याचा बहुतांश भाग पाचक रस बनवतो, आणि त्यात विखुरलेले छोटे पेशीपुंज इन्सुलिन, ग्लुकॅगॉन यांसारखी हार्मोन्स रक्तात सोडतात. नेहमीचा कर्करोग, म्हणजे अॅडिनोकार्सिनोमा, पाचक रस वाहून नेणाऱ्या नलिकांच्या पेशींमधून होतो. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर होतो तो हार्मोन बनवणाऱ्या पेशींमधून. स्वादुपिंडाच्या गाठींमध्ये त्याचं प्रमाण अगदी थोडं, त्यामुळे लहान गावातल्या डॉक्टरांनी असे रुग्ण फारसे पाहिलेले नसतात. यात त्यांचा दोष नाही. पण म्हणूनच हा आजार नेहमी पाहणाऱ्या ठिकाणी निदान एकदा तरी जाऊन यायला हवं.

इरफान खान यांनी मार्च २०१८ मध्ये आपल्याला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर असल्याचं जाहीर केलं, तेव्हा हे नाव आपल्याकडे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर ऐकलं गेलं. अॅपलच्या स्टीव्ह जॉब्ज यांना तर हा आजार स्वादुपिंडाचाच होता. २००३ साली निदान, २००४ मध्ये शस्त्रक्रिया, २००९ मध्ये यकृत प्रत्यारोपण, आणि २०११ मध्ये निधन. निदान झाल्यावर सुमारे नऊ महिने त्यांनी शस्त्रक्रिया टाळली आणि आहारासारख्या पर्यायी उपायांवर भर दिला. वेळेत शस्त्रक्रिया झाली असती तर काय झालं असतं हे कुणी सांगू शकत नाही. पण गाठ काढता येण्याजोगी असताना काढे आणि पथ्यांवर महिने घालवू नका, हे मी भेटेल त्याला सांगते.

दुसरी पायरी: रिपोर्टातल्या दोन ओळी

बायोप्सीचा रिपोर्ट दोन-तीन पानांचा असतो आणि पहिल्यांदा वाचताना डोळ्यांसमोर अंधारी येते. त्यात फक्त दोन गोष्टी शोधा. पेन्सिलने त्याखाली रेघ मारा.

पहिली गोष्ट म्हणजे ‘वेल डिफरन्शिएटेड’ की ‘पुअरली डिफरन्शिएटेड’. वेल डिफरन्शिएटेड म्हणजे गाठीच्या पेशी अजून मूळ पेशींसारख्या दिसतात. अशा गाठीला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर म्हणतात. पुअरली डिफरन्शिएटेड असेल तर नाव बदलून न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा होतं, आणि तो जवळजवळ निराळाच, फार वेगवान आजार आहे. नावं सारखी वाटतात म्हणून या दोन्हींत गल्लत होते आणि नातेवाईक एकमेकांना भलताच धीर किंवा भलतीच भीती देत बसतात.

दुसरी गोष्ट केआय-६७. किती टक्के पेशी विभागणीच्या तयारीत आहेत हे हा आकडा सांगतो. ३ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ग्रेड १, ३ ते २० टक्के असेल तर ग्रेड २, २० टक्क्यांच्या वर ग्रेड ३. ग्रेड ३ मध्येही वेल डिफरन्शिएटेड ट्यूमर असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र जागा मिळाली. त्यामुळे नुसतं ‘ग्रेड ३’ ऐकून हातपाय गाळू नका, पहिल्या ओळीशी जोडून वाचा.

एक बारकावा इथे महत्त्वाचा आहे. एंडोस्कोपीतून बारीक सुईने घेतलेल्या नमुन्यात पेशी थोड्या असतात, आणि एकाच गाठीत केआय-६७ जागोजागी वेगळा असू शकतो. सुईला जिथलं सापडलं तिथला आकडा खऱ्यापेक्षा कमी निघण्याची शक्यता असते. म्हणून मोठा उपचार सुरू करण्याआधी स्लाइड्स आणि पॅराफिन ब्लॉक दुसऱ्या, हा आजार नियमित पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून तपासून घ्या. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तुमचाच नमुना. तो लॅबकडून लेखी अर्ज करून मागता येतो. घेताना त्यावरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी तिथेच काउंटरवर जुळवून बघा, आणि उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं.

तिसरी पायरी: गाठ हार्मोन सोडते का

बहुतेक गाठी हार्मोनचा काही त्रास देत नाहीत. त्या वाढतात, शेजारच्या अवयवांवर दाबतात, किंवा भलत्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडतात. पण ज्या हार्मोन सोडतात त्यांची लक्षणं नीट सांगितली तर निदान लवकर होतं, आणि हे सांगणं घरच्यांच्याच हातात असतं.

इन्सुलिनोमा यात सगळ्यात जास्त आढळतो. पहाटे किंवा जेवणाला उशीर झाल्यावर माणूस घामाघूम होतो, थरथरतो, असंबद्ध बोलतो, कधी बेशुद्ध पडतो. साखरपाणी दिलं की दहा-पंधरा मिनिटांत भानावर येतो. सारखं खावं लागतं म्हणून वजन वाढतं. फिट समजून वर्षानुवर्षं फिटच्या गोळ्या चाललेले रुग्ण असतात, आणि कुणीतरी बाहेरची बाधा म्हणून अंगारेधुपारे करत असतं. असा झटका आला की साखर देण्याआधी ग्लुकोमीटरवर एक थेंब रक्त घ्या, आकडा आणि वेळ वहीत लिहा, मग लगेच साखर द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. ५५ च्या खाली आकडे दिसत असतील तर डॉक्टर रुग्णाला दाखल करून घेऊन ७२ तासांपर्यंतच्या उपवासाची चाचणी करतात. ती घरी कधीही करायची नाही. समाधानाची गोष्ट अशी की इन्सुलिनोमाच्या दहातल्या नऊ गाठी पसरणाऱ्या नसतात आणि शस्त्रक्रियेने माणूस पूर्ण बरा होतो.

गॅस्ट्रिनोमात पोटात आम्ल भरमसाठ बनतं, अल्सर पुन्हा पुन्हा होतात, जुलाब लागतात. विपोमात पाण्यासारखे जुलाब इतके होतात की पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत उतरतं. ग्लुकॅगॉनोमात मधुमेह, वजन घटणं आणि मांड्या-जांघांत सरकत जाणारं लालसर पुरळ. यातलं काही असेल तर पहिल्याच भेटीत सांगा.

क्रोमोग्रॅनिन ए नावाची रक्ततपासणी बऱ्याचदा लिहून देतात. या गाठी रक्तात सोडतात ते एक प्रथिन त्यात मोजतात. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल या अॅसिडिटीच्या गोळ्यांनी हा आकडा उगाच वाढतो, मूत्रपिंड कमजोर असेल तरीही वाढतो. आकडा वाढला म्हणजे आजार वाढला असं धरून बसू नका. मात्र तपासणीसाठी या गोळ्या स्वतःच्या मनाने बंदही करू नका, कारण गॅस्ट्रिनोमा असेल तर अचानक बंद केल्याने अल्सर फुटण्याइतका धोका होतो.

चौथी पायरी: स्कॅन

ट्रिपल फेज सीटी स्कॅन, म्हणजे शिरेतून रंगद्रव्याचं औषध देऊन तीन टप्प्यांत काढलेला सीटी, लागतोच. या गाठींना रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे औषध धमन्यांत असतानाच्या फोटोत त्या उजळून दिसतात. साध्या सीटीत निसटतात. यकृत बारकाईने पाहायला एमआरआय, आणि छोट्या गाठीसाठी एंडोस्कोपीतून केलेली सोनोग्राफी.

या आजाराचा खास स्कॅन म्हणजे गॅलियम-६८ डोटाटेट किंवा डोटानॉक पेट-सीटी. या गाठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन हार्मोनची ग्रहणकेंद्रं असतात, त्यांना हे औषध जाऊन चिकटतं. नेहमीच्या कॅन्सरसाठी करतात तो एफडीजी पेट स्कॅन वेगळा. साखर खाणाऱ्या वेगवान पेशी त्यात दिसतात. संथ गाठ एफडीजीत बऱ्याचदा दिसत नाही आणि ‘काही नाही’ असा रिपोर्ट येतो. म्हणून ‘पेट स्कॅन करा’ असं कुणी म्हटलं तर कोणता, हे चिठ्ठीवर लिहून घ्या. पैसे दोन्हींना लागतात. ग्रेड २ च्या वरच्या टोकाला आणि ग्रेड ३ ला डॉक्टर कधी कधी दोन्ही करायला सांगतात, त्याला कारण असतं.

पाचवी पायरी: कुठे जायचं, पैशाचं काय

सर्जन, मेडिकल ऑन्कोलॉजिस्ट, न्यूक्लिअर मेडिसिनचे डॉक्टर आणि रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून निर्णय घेतात अशी जागा हवी. परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये अशी व्यवस्था आहे, आणि भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटरही परळलाच आहे. लगेच मुंबई गाठणं शक्य नसेल तर टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड (देशभरातल्या कर्करोग रुग्णालयांचं जाळं) यांच्याशी जोडलेल्या ‘नव्या’ या ऑनलाइन सेवेतून रिपोर्ट पाठवून तज्ज्ञांचं मत घेता येतं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. पण तुमचा नेमका उपचार त्यात बसतो का, हे दाखल होण्याआधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाकडून, तपासून घ्या. नंतर हातात बिल घेऊन धावपळ करण्यात अर्थ नाही. मोठ्या रुग्णालयांच्या समाजसेवा विभागात ट्रस्टच्या मदतीचे अर्ज मिळतात. कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेच्या तिकिटात सवलत असते, तिचा फॉर्म हॉस्पिटल भरून देतं. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन अनेकांना आधार देतात. जागा मिळण्याची खात्री नसते, म्हणून निघण्याआधी चौकशी करा.

उपचार

गाठ स्वादुपिंडापुरती असेल तर शस्त्रक्रिया हाच बरं होण्याचा मार्ग. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागात असेल तर व्हिपल शस्त्रक्रिया (तो भाग, त्याला लागून असलेलं आतडं आणि पित्ताशय काढणं), शेपटाकडे असेल तर तो भाग काढतात, आणि कधी कधी त्यासोबत प्लीहाही काढावी लागते. प्लीहा जाणार असेल तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या लसी शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी घ्यायच्या असतात. गडबडीत हे राहून जातं, म्हणून स्वतःहून विचारा. व्हिपल ही मोठी शस्त्रक्रिया आहे. ती सातत्याने करणाऱ्या सर्जनच्या हाती धोका कमी असतो. ‘वर्षाला अशा किती करता?’ हा प्रश्न विचारण्यात काही उद्धटपणा नाही.

गाठ २ सेंटिमीटरपेक्षा लहान, हार्मोन न सोडणारी आणि ग्रेड १ असेल तर डॉक्टर नुसतं लक्ष ठेवायला सुचवू शकतात. सहा महिन्यांनी, वर्षाने स्कॅन. घरच्यांना हे पचत नाही, ‘कॅन्सर आहे आणि काहीच करत नाहीत?’ असं वाटतं. पण अशी गाठ बहुतेकदा वर्षानुवर्षं जागची हलत नाही, आणि स्वादुपिंडावर केलेल्या शस्त्रक्रियेचे त्रास मात्र खरे असतात. वय आणि इतर आजार पाहून घेतलेला हा विचारपूर्वक निर्णय असतो.

आजार यकृतात पसरलेला असेल तरी उपचार संपत नाहीत. यकृतातल्या गाठी मोजक्या असतील तर त्याही काढता येतात, किंवा त्यांचा रक्तपुरवठा बंद करता येतो. औषधांत पहिलं नाव येतं ते महिन्याच्या इंजेक्शनचं: ऑक्ट्रिओटाइड एलएआर किंवा लॅनरिओटाइड, दर २८ दिवसांनी. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या क्लॅरिनेट अभ्यासात केआय-६७ दहा टक्क्यांपेक्षा कमी असलेल्या, स्वादुपिंड आणि आतड्यांच्या गाठींच्या रुग्णांपैकी लॅनरिओटाइड घेणाऱ्या ६५ टक्क्यांचा आजार दोन वर्षांनंतरही वाढलेला नव्हता. औषधाविना हे प्रमाण ३३ टक्के होतं. गाठ नाहीशी होत नाही, ती थांबते. या आजारात थांबणं हेही यशच धरायचं.

ऑक्ट्रिओटाइड एलएआर गावातल्या दवाखान्यात द्यायचं असेल तर नर्सला पद्धत माहीत आहे का ते बघा. खोका फ्रिजमधून काढून अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवायचा. पातळ द्रव बाटलीच्या कडेने हळू सोडायचा, पावडर पूर्ण भिजेपर्यंत बाटली हलवायची नाही, मग खोक्यातल्या सूचनांप्रमाणे मिसळून दुधाळ मिश्रण करायचं. तयार झालं की त्याच क्षणी कुल्ल्याच्या स्नायूत खोलवर द्यायचं, कारण थांबलं तर पावडर खाली बसते आणि सुई तुंबते. मावशीचं एक इंजेक्शन असंच अर्धवट गेलं होतं. एवढं महागडं औषध सिरिंजमध्येच अडकलं. त्यानंतर आम्ही खोक्यातला सूचनांचा कागद नर्ससमोर ठेवूनच बसायचो. इन्सुलिनोमात हे औषध कधी कधी साखर आणखी उतरवतं, म्हणून तिथे पहिला डोस डॉक्टरांच्या नजरेखालीच.

पुढची औषधं आजाराच्या वेगावर अवलंबून. एव्हरोलिमस आणि सुनिटिनिब या रोजच्या गोळ्या आहेत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दोन्हींनी आजार थोपवण्याचा काळ साधारण पाच महिन्यांवरून अकरा महिन्यांपर्यंत नेला. एव्हरोलिमसने तोंडात फोड येतात, साखर वाढते, आणि नवा कोरडा खोकला किंवा दम लागला तर लगेच कळवायचं, कारण फुप्फुसांना सूज येऊ शकते. सुनिटिनिबने रक्तदाब वाढतो, तळहात-तळपाय सोलवटतात. गाठ लवकर लहान करायची असेल तर कॅपेसिटाबिन आणि टेमोझोलोमाइड यांची जोडी देतात: पहिली गोळी १४ दिवस, दुसरी त्यातल्या शेवटच्या पाच दिवसांत, मग सुट्टी. दोन गोळ्यांचे दिवस वेगळे, म्हणून कॅलेंडरवर दोन रंगांनी खुणा करा. यांपैकी बऱ्याच औषधांच्या भारतीय कंपन्यांच्या स्वस्त आवृत्त्या मिळतात, त्याबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. कॅबोझँटिनिबला अमेरिकेत २०२५ मध्ये या आजारासाठी मान्यता मिळाली आहे.

पीआरआरटी (पेप्टाइड रिसेप्टर रेडिओन्यूक्लाइड थेरपी) हा उपचार मला सगळ्यात विलक्षण वाटतो. डोटाटेट स्कॅनमध्ये जे औषध गाठीला जाऊन चिकटतं, त्याच्याच पाठीवर ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सारी मूलद्रव्य बसवून शिरेतून देतात. गाठ जिथे असेल तिथेच किरणोत्सार पोहोचतो. हे ल्युटेशियम आपल्याकडे ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं, त्यामुळे परदेशाच्या तुलनेत हा उपचार इथे बऱ्याच रुग्णांच्या आवाक्यात आला. साधारण आठ आठवड्यांच्या अंतराने चार डोस. सोबत मूत्रपिंडांच्या रक्षणासाठी अमिनो आम्लांचं सलाइन, त्याने मळमळ होते. आधी महिनाभर लांब मुदतीचं ऑक्ट्रिओटाइड थांबवावं लागतं. घरी आल्यावर काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बाई यांच्यापासून अंतर, भरपूर पाणी, लघवी बसूनच आणि फ्लश दोनदा. थोड्या रुग्णांमध्ये पुढे रक्तपेशींचा गंभीर आजार उद्भवू शकतो, याची कल्पना आधी घ्या. स्कॅनमध्ये गाठी यकृतापेक्षा जास्त उजळत नसतील तर हा उपचार चालत नाही. त्यासाठी आग्रह धरू नका.

न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमाला यातलं बहुतेक लागू नाही. तिथे सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिनसोबत इटोपोसाइड ही केमोथेरपी, आणि तीही उशीर न करता.

आता तो प्रश्न

अमेरिकेतल्या आकडेवारीनुसार स्वादुपिंडाचा न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर जागीच असताना सापडला तर शंभरातले नव्वदहून अधिक रुग्ण पाच वर्षांनंतर हयात असतात. शेजारच्या लसिकाग्रंथींपर्यंत गेला असेल तर सत्तरहून अधिक. यकृतासारख्या दूरच्या अवयवात पसरला असेल तर साधारण पाव हिस्सा. या शेवटच्या आकड्यात सगळे ग्रेड एकत्र मोजलेले आहेत. यकृतात पसरलेला ग्रेड १ चा ट्यूमर घेऊन दहा-दहा वर्षं संसार, नोकरी करणारी माणसं आहेत. पसरलेल्या कार्सिनोमात मात्र उपचार घेऊनही आयुष्य सरासरी वर्षभराच्या आसपास असतं, आणि हे रुग्णापासून लपवून त्याची राहिलेली कामं, भेटीगाठी हिरावून घेऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या माणसाचा ग्रेड, पसारा आणि गेल्या दोन स्कॅनमधला फरक घेऊन डॉक्टरांना विचारा. दोन स्कॅनमध्ये सहा महिन्यांत काय बदललं यावरून गाठीचा खरा वेग दिसतो.

घरी

स्वादुपिंडाचा भाग काढल्यावर, आणि कधी कधी महिन्याच्या इंजेक्शनमुळेही, तेलकट, पांढुरकी, पाण्यावर तरंगणारी शौचाला होते आणि वजन उतरतं. लोक तूप-तेल बंद करतात, त्याने माणूस आणखी खंगतो. यावर पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल असतात. त्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या. जेवण झाल्यावर घेतल्या तर उपयोग थोडा. दूध, लाडू, शेंगदाणे खातानाही लागतात. थोडं थोडं, पाच-सहा वेळा खायला द्या. मधुमेह नव्याने होऊ शकतो, साखर तपासत राहा. महिन्याच्या इंजेक्शनांनी पित्ताशयात खडे होऊ शकतात, म्हणून उजव्या बरगडीखाली दुखलं तर सोनोग्राफी.

शस्त्रक्रियेने सगळं निघालं तरी स्कॅन चालू ठेवायचे असतात, दहा वर्षांपर्यंत, कारण ही गाठ उशिरा परतू शकते. दरवेळी जुन्या स्कॅनची सीडी बरोबर न्या, नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही.

आणि घराण्याची चौकशी करा. सुमारे दहातल्या एका रुग्णात हा आजार आनुवंशिक दोषामुळे होतो, त्यात एमईएन-१ (एकाच माणसात अनेक हार्मोन ग्रंथींना गाठी होण्याचा आनुवंशिक आजार) जास्त आढळतो. घरात कुणाला रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं आहे, वारंवार मुतखडे होतात, पॅराथायरॉइडची (गळ्यातल्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथीची) किंवा पिट्यूटरीची (मेंदूखालच्या ग्रंथीची) गाठ निघाली होती, असं काही असेल तर डॉक्टरांना सांगा आणि जनुकीय सल्ला घ्या. रुग्णाच्या भावंडांसाठी आणि मुलांसाठी सुरुवात रक्तातल्या कॅल्शियमच्या साध्या तपासणीपासून होते, आणि ती तालुक्याच्या लॅबमध्येही होते.